कैद्याने सांगितलेली भाषा

एम.ए.च्या वर्गात भाषाविज्ञान शिकवताना पहिल्याच आठवड्यात भाषेची व्याख्या फळ्यावर लिहून द्यावी लागते. यादृच्छिक ध्वनिप्रतीकांची व्यवस्था, जिच्याद्वारे एखादा समाज आपला व्यवहार करतो, असे काहीसे तिचे स्वरूप असते. यातल्या 'व्यवस्था' या शब्दावर पुढे वर्षभर तासिका होतात; 'समाज' या शब्दावरून मात्र आपण भरभर पुढे जातो, कारण तो गृहीतच असतो. पण व्यवस्था पुरी आहे आणि समाज मुळात नाहीच, अशी स्थिती असेल तर? क्लिंगॉन भाषेकडे केवळ चित्रपटवेड्यांचा खेळ म्हणून पाहू नये असे मला वाटते, ते याच प्रश्नामुळे.

'स्टार ट्रेक' ही मालिका १९६६ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि १९६७ मध्ये तिच्यात क्लिंगॉन नावाचे परग्रहवासी अवतरले. शीतयुद्धाच्या काळातल्या प्रेक्षकाला ओळखू येईल असा हा शत्रू होता. तो अर्थातच इंग्रजी बोलत असे. १९७९ च्या चित्रपटात जेम्स डूहान या नटाने त्याच्या तोंडी काही आरोळीवजा शब्द घातले. १९८४ च्या चित्रपटासाठी मात्र रीतसर भाषा हवी होती आणि ते काम मार्क ओक्रँड या भाषावैज्ञानिकाकडे आले.

हा ओक्रँड कोण होता हे सांगितल्याविना पुढे जाता येत नाही. बर्कलीच्या विद्यापीठात १९७७ मध्ये त्याने पूर्ण केलेला प्रबंध म्हणजे मुत्सुन भाषेचे व्याकरण. मुत्सुन ही कॅलिफोर्नियातल्या सान हुआन बाउतिस्ता परिसरातील आदिवासींची भाषा. ती अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती, असेन्सिऑन सोलोर्सानो ही वृद्धा, १९३० मध्ये वारली. तिच्या अखेरच्या काळात जे. पी. हॅरिंग्टन या संशोधकाने तिच्याजवळ बसून तिची भाषा वहीत उतरवून घेतली होती. त्याच्याही शतकभर आधी आरोयो दे ला कुएस्ता या स्पॅनिश मिशनऱ्याने तिचे व्याकरण आणि शब्दसंग्रह लिहून ठेवला होता. (फादर स्टीफन्सचे कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतूरला छापले गेले, त्याच जातीचा हा उद्योग.) म्हणजे ज्या भाषेचा एकही बोलणारा उरला नव्हता, तिचे व्याकरण जुन्या कागदांतून ओक्रँडने उभे केले, आणि पुढे सात वर्षांनी, जिचा एकही बोलणारा अजून जन्मलेला नव्हता अशी भाषा रचली.

१९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या क्लिंगॉन कोशाची बतावणीही लक्षात घेण्याजोगी आहे. ही भाषा आपण रचली असे तो म्हणत नाही. माल्ट्झ नावाचा एक क्लिंगॉन युद्धकैदी आहे आणि त्याने ही माहिती पुरवली, अशी ती कल्पना. नव्या शब्दांची मागणी झाली की आजवर उत्तर येते ते 'माल्ट्झला विचारले' असेच. क्षेत्रीय भाषाभ्यासातील निवेदक आणि नोंद घेणारा यांच्या नात्याचा हा विनोद आहे. पण तो करणाऱ्याचा पूर्वाभ्यास ठाऊक झाल्यावर हसू थोडे ओसरते. पराभूताची भाषा जेत्याच्या वहीत उतरते, हे कॅलिफोर्नियात कल्पित नव्हते.

आता भाषेकडे वळू. आपली वर्णमाला म्हणजे सममितीचा आदर्श. पाच वर्ग, प्रत्येकात पाच व्यंजने. ओक्रँडने जाणूनबुजून उलट केले. क्लिंगॉनमध्ये मूर्धन्य 'ड' आहे पण 'ट' नाही. 'त'सारखा ध्वनी आहे पण 'द' नाही. 'ष'च्या जवळचा ध्वनी आहे, साधा 'स' नाही. आपला 'क'ही नाही, त्याऐवजी उर्दूतील घशातला 'क़' आहे. सुटा घेतला तर यातला प्रत्येक ध्वनी कोणत्या ना कोणत्या मानवी भाषेत सापडतो, पण अशी मोळी कोणी बांधलेली दिसत नाही. वाक्यरचनाही तशीच, आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता. 'आंबा खातो मी' असे आपण ठसक्याने म्हणू शकतो. तेथे तोच नित्यक्रम. कर्ता आणि कर्म दोघांचीही खूण क्रियापदाच्या आरंभी एकाच उपसर्गात येते.

मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती अनेकवचनाची व्यवस्था. बोलू शकणाऱ्या प्राण्यांना एक प्रत्यय, शरीराच्या अवयवांना दुसरा, उरलेल्या सगळ्यांना तिसरा. मराठी जगाची वाटणी स्त्री-पुरुष-नपुंसक अशी करते, क्लिंगॉन ती 'भाषा असलेले आणि नसलेले' अशी करते. ज्या संस्कृतीची ख्याती तलवारीसाठी, तिच्या व्याकरणाने माणूसपणाची कसोटी वाचा ही ठरवावी! शिवी ही तेथे ललितकला मानली जाते. 'नमस्कार'ला शब्द नाही. भेटल्यावर म्हणायचे ते 'काय हवे?' युद्धाच्या धामधुमीत उपसर्ग गाळून आखूड बोलायचे. आणि सम्राट बदलला की त्याची बोली हीच प्रमाणभाषा होते. प्रमाणभाषा कशी घडते हे विद्यार्थ्यांना समजावताना याहून उघड उदाहरण मला मिळालेले नाही.

१९९१ च्या चित्रपटात एक क्लिंगॉन मुत्सद्दी म्हणतो की शेक्सपिअरची खरी गोडी मूळ क्लिंगॉनमध्येच कळते. त्याच चित्रपटासाठी हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगताचा आरंभ क्लिंगॉनमध्ये हवा होता. अडचण अशी की 'असणे' हे क्रियापदच भाषेत नव्हते. ओक्रँडने 'जगणे'चा 'यिन्' दिला. क्रिस्टोफर प्लमर या नटाला तो फार मऊ वाटला. तेव्हा सातत्य दाखवणारा 'ताह' हा प्रत्यय उचलून त्याचे 'टिकून राहणे' या अर्थाचे क्रियापद करण्यात आले. १८८३ च्या 'विकारविलसित'मध्ये आगरकरांनी हॅम्लेट मराठीत आणला, तेव्हा निदान 'असणे' हाताशी होते. १९९६ मध्ये संपूर्ण हॅम्लेट क्लिंगॉनमध्ये प्रसिद्ध झाला. अस्तित्वाच्या जागी चिवटपणा आला की ते नाटक वेगळे होते, आणि माझ्या मते जरासे लहानही होते. पण भाषांतर म्हणून तो निर्णय प्रामाणिक आहे.

एव्हाना बोलणारे जन्मले होते. १९९२ मध्ये अमेरिकेत क्लिंगॉन भाषासंस्था स्थापन झाली. वार्षिक मेळावे भरू लागले. २०१० मध्ये हेग येथे क्लिंगॉन ऑपेरा झाला. गंमत अशी, की पडद्यावरचे क्लिंगॉन बरेचदा अशुद्ध बोलत. मालिकेचे लेखक कोशातून शब्द उचलून व्याकरणाविना जोडत, आणि प्रेक्षागारातले विद्यार्थी चुका काढत. 'मूळ भाषिक' चुकतो आणि शिकणारा बरोबर असतो, ही परिस्थिती भाषाविज्ञानाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात बसत नाही. नवे शब्द पाडण्याचा अधिकार मात्र या मंडळींनी स्वतःकडे घेतला नाही. तो ओक्रँडकडेच, म्हणजे माल्ट्झकडेच, ठेवला. व्यवस्था लिहून मिळाली होती, समाज जमला होता, पण मालकी समाजाची नव्हती.

हा प्रश्न पुढे न्यायालयाच्या दारातही गेला. चाहत्यांनी काढायला घेतलेल्या एका चित्रपटाविरुद्ध पॅरामाउंट आणि सीबीएस या कंपन्यांनी खटला भरला आणि त्यात क्लिंगॉन भाषेवरही हक्क सांगितला. २०१६ मध्ये कृत्रिम भाषा रचणाऱ्यांच्या एका संस्थेने न्यायालयापुढे निवेदन ठेवले की भाषा ही कोणाची मालमत्ता होऊ शकत नाही. निवेदनात अधूनमधून क्लिंगॉन वाक्ये पेरलेली होती. २०१७ च्या जानेवारीत तडजोड झाली आणि भाषेच्या मालकीवर निर्णय झालाच नाही.

त्याच २०१६ साली मुत्सुनचा कोश प्रसिद्ध झाला. १९९० च्या दशकापासून मुत्सुन वंशाची काही माणसे, हॅरिंग्टनने लिहून घेतलेल्या नोंदी आणि ओक्रँडचा तो प्रबंध समोर ठेवून, आपल्या आज्या-पणज्यांची भाषा पुन्हा शिकत होती. तेथेही वाक्ये आधी कागदावरच वाचावी लागतात, उच्चार अंदाजाने बसवावे लागतात, आणि फोन, मोटार अशा गोष्टींसाठी शब्द नसला तर तो नव्याने घडवावा लागतो. फक्त तेथे माल्ट्झला विचारायची सोय नाही. शब्द घडवतात ते शिकणारेच.