जुन्या रेडिओचा स्पीकर: काय बदलावे, काय राखावे?

१/ १६ जुलै १९४८ रोजी नागपूर आकाशवाणी सुरू झाली आणि वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूरसारख्या गावांना जवळचे मराठी केंद्र लाभले. त्या काळी घरातला स्पीकर म्हणजे बहुधा लाकडी पेटीतल्या व्हॉल्व्ह रेडिओचाच.

२/ त्याची मूळ रचना राइस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली मांडली: चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू. व्हॉल्व्हचा उच्च दाबाचा अल्प प्रवाह या वेटोळ्याला मानवावा, म्हणून मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असे.

३/ कालांतराने शंकूचा कागद ठिसूळ होतो, कपॅसिटर सुकतात. शंकूची चीर पातळ कागदाने सांधता येते. सुकलेले कपॅसिटर मात्र बदलावेच लागतात.

४/ आतले सारे काढून ब्लूटूथ बसवले, की पेटी उरते आणि तिचा आवाज हरवतो. वास्तविक अनेक संचांच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडण्याची सोय असे. ब्लूटूथचा रिसीव्हर तेथेच जोडता येतो, मूळ स्पीकरही बोलत राहतो.

५/ मात्र एसी-डीसी संचांचा धातूचा सांगाडा थेट विजेशी जोडलेला असू शकतो. त्यामुळे ही जोडणी जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावी.