दहा वाजताची फेरी

लाहोरात नोव्हेंबरची थंडी आहे. 1919 सालची 19 तारीख, बुधवार. शाल अंगाभोवती ओढून तुम्ही मागच्या बाकावर अंग चोरून बसला आहात. समोर हंटर समिती आहे, अमृतसरच्या जालियनवाला बागेतल्या गोळीबाराची चौकशी करणारी. अध्यक्ष लॉर्ड हंटर स्कॉटलंडहून आलेले. त्यांच्यासह पाच इंग्रज आणि तीन हिंदी सभासद. तिघांतले एक आपल्या मुंबईचे आहेत, हायकोर्टात नाव कमावलेले सर चिमणलाल सेटलवाड. दुसरे पंडित जगतनारायण, तिसरे सुलतान अहमद खान.

साक्षीला आलेला माणूस पंचावन्न वर्षांचा आहे. ब्रिगेडियर जनरल रेजिनाल्ड डायर. सोबत वकील नाही. जन्म इथलाच, मरीच्या डोंगरातला. हिंदुस्थानी चांगली येते. तो काय बोलतोय हे ऐकायला तुम्ही शंभर वर्षांहून अधिक मागे आला आहात, तेव्हा कान देऊन ऐका.

जमावाला पांगायला सांगितलं होतं का? नाही. आत गेल्यावर किती वेळानं गोळीबार सुरू केला? अर्ध्या मिनिटात. निर्णय कधी घेतला? वाटेतच. सभा भरलेली दिसली तर गोळ्या घालायच्या, हे बागेत पाऊल टाकण्याआधी ठरलेलं होतं. गर्दी जिथं दाट दिसेल तिथं नेम धरायला लावला. काडतुसं संपत आली तेव्हा थांबलो. झाडलेल्या गोळ्या 1650. बंदूकधारी शिपाई पन्नास, शिवाय नुसत्या कुकऱ्या घेतलेले चाळीस गुरखे.

गोळी न झाडता लोक हटले नसते का, असं विचारल्यावर तो म्हणतो की कदाचित हटले असते. पण परत आले असते आणि मला हसले असते.

तुमच्या शेजारी कुणीतरी श्वास रोखून धरला आहे. तुम्हीही. हे वाक्य पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या माणसाच्या तोंडून, आवाज जराही न चढवता ऐकणं वेगळं. वैशाखीला गावोगावहून अमृतसरला आलेले शेतकरी होते. सभाबंदीची दवंडी शहरातल्या मोजक्या ठिकाणी फिरली, ती त्यांच्यातल्या कितीजणांच्या कानावर पडली? आणि त्यांच्यासमोर हसं होऊ नये म्हणून 1650 गोळ्या.

तो अडखळेल, सावरून घेईल, वरच्यांकडे बोट दाखवेल, अशी तुमची अपेक्षा होती. तसं काही होत नाही. कारण त्याला भिण्यासारखं काही नाही. दोनच महिन्यांपूर्वी, सप्टेंबरात, सरकारनं कायदेमंडळात इंडेम्निटी कायदा करून घेतला आहे. त्या अशांततेच्या काळात ज्या अधिकाऱ्यांनी 'सद्भावनेनं' सुव्यवस्थेसाठी काही केलं, त्यांच्यावर फिर्याद करता येणार नाही. सभासद पंडित मदनमोहन मालवीय त्या विधेयकाविरुद्ध कितीतरी वेळ बोलले, पण मतं सरकारची होती. म्हणजे चौकशी सुरू व्हायच्या आधीच कोर्टाच्या दाराला कडी घातलेली. या दालनात प्रश्न विचारता येतात, आरोप ठेवता येत नाही.

तरीही सेटलवाड विचारतात. माझ्या मते त्या साऱ्या चौकशीतलं खरं काम त्या एका माणसानं केलं. ते चिलखती गाड्यांच्या विषयाकडे वळतात. बागेत जाणारी गल्ली अरुंद म्हणून त्या दोन गाड्या बाहेर ठेवाव्या लागल्या. वाट रुंद असती तर त्यांच्यावरच्या मशिनगन चालवल्या असत्या का? डायर विचार करतो आणि सांगतो, बहुतेक हो.

मग जखमी. त्यांच्यासाठी काय केलंत?

काही नाही. ते माझं काम नव्हतं. इस्पितळं उघडी होती, जायचं होतं.

इथं तुम्हाला उभं राहून ओरडावंसं वाटतं. रात्री आठनंतर रस्त्यावर दिसेल त्याला गोळी घालू, हा हुकूम याच माणसाचा. गोळीबार झाला तो संध्याकाळी. मांडीत गोळी घुसलेला माणूस कुणाच्या खांद्यावर, कुठल्या रस्त्यानं इस्पितळात जाणार? हे सांगू शकेल असं कुणीतरी या क्षणी समोर हवं. पण दालनात तसं कुणी नाही. तुरुंगात टाकलेल्या पुढाऱ्यांना तात्पुरतं सोडायलाही सरकार तयार नव्हतं, म्हणून काँग्रेसनं या समितीवर बहिष्कार घातला आहे. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. त्याची किंमत मात्र तुम्ही आता डोळ्यांनी बघता आहात. डायर बोलतो आणि त्याच्यासमोर ज्यांचं गेलं त्यांच्यापैकी कुणीच नाही.

ते सगळे दुसरीकडे बोलताहेत. अमृतसरच्या गल्ल्यांत काँग्रेसची स्वतःची चौकशी चालली आहे. गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. गाडी धरून तिकडे चला. सतराशेच्या वर लोकांच्या जबान्या ते तपासतात, साडेसहाशेच्या आसपास पुढं अहवालात छापतात. ज्या गल्लीत हिंदी माणसाला पोटावर सरपटत जायला लावलं, त्या कुचा कुरीछानमधली माणसं येतात. आणि बागेला लागूनच घर असलेली एक विधवा येते. तिची जबानी मी कितीतरी वेळा वाचली आहे. ती आणि 'इस्पितळं उघडी होती' हे उत्तर, हे दोन कागद हंटर समितीच्या टेबलावर शेजारी ठेवले गेले नाहीत.

पुढचं भराभर बघा. सरकारी समिती फुटते. वाटाघाटींत हंटर हिंदी सभासदांना म्हणतात की तुम्हा लोकांना ब्रिटिशांना इथून घालवायचं आहे. सेटलवाड सडेतोड उत्तर देतात आणि त्यानंतर दोघांचं बोलणंच बंद होतं. मे 1920 मध्ये बहुमताचा एक अहवाल निघतो, तिघा हिंदी सभासदांचा दुसरा. डायर चुकला हे दोन्हींत आहे. मेलेल्यांचा सरकारी आकडा 379, आणि नावं गोळा करायला सरकार उठलं तेही घटनेला महिने लोटल्यावर. डायरला राजीनामा द्यायला लावतात. कोर्ट मार्शल नाही, खटला नाही. जुलैत लंडनमध्ये कॉमन्स सभेत चर्चिल त्याच्या कृत्याची कठोर निंदा करतात. लॉर्ड्स सभा मात्र 129 विरुद्ध 86 मतांनी ठरवते की अन्याय झाला तो डायरवर. 'मॉर्निंग पोस्ट' हे वृत्तपत्र डायरसाठी वर्गणी काढतं आणि 26,000 पौंडांहून जास्त जमतात.

बस्स. तिथली टाळी ऐकत बसू नका, मागं फिरा. 13 एप्रिलच्या रात्री, बागेत.

अंधार आहे. ती बाई नवऱ्याच्या प्रेताजवळ बसली आहे. संध्याकाळी गोळ्यांचा आवाज ऐकून ती धावत आली, प्रेतांच्या ढिगांतून तिनं त्याला शोधून काढलं. घरी न्यायला एक बाज हवी होती. ओळखीच्या दोघा मुलांना तिनं ती आणायला पाठवलं, पण आठ वाजले आणि बाहेर पडायची कुणाची छाती होईना. ती स्वतः शेजारीपाजारी विनवून आली, कुणी उठलं नाही. त्यांना तरी कुठल्या तोंडानं बोल लावायचा? रक्त साचलं होतं तिथून त्याला कोरड्या जागी घेतलं. आता तिच्या हातात बांबूची एक काठी आहे, जवळच सापडलेली. कुत्री फिरताहेत. जवळ आली की ती काठी उगारते.

बारा वर्षांचा एक मुलगा तळमळतो आहे. मला सोडून जाऊ नको, म्हणतो. थंडी वाजतेय का, पांघरूण घालू का, असं ती विचारते. तो पाणी मागतो. पाणी कुठून आणणार? लांबवर घड्याळाचे टोले पडतात, दर तासाला. ती ते मोजते. दोनच्या सुमारास भिंतीत पाय अडकलेला एक शेतकरी तिला हाक मारील, माझा पाय जरा वर उचल म्हणेल, आणि ती उठून त्याचे रक्तानं भिजलेले कपडे धरून तो उचलेल.

पण आत्ता दहाचे टोले पडून गेले आहेत. याच सुमारास डायर शिपाई घेऊन शहरात फेरीला निघाला आहे. आपला हुकूम पाळला जातोय की नाही ते स्वतः बघायला. उद्या तो अहवालात लिहील की शहर अगदी शांत होतं, एकही माणूस दिसला नाही.

बागेत ती काठी उगारते. कुत्रं चार पावलं मागं सरतं आणि तिथंच बसतं.