तयार चित्राचा पाचशे वर्षांचा माग

स्वतःच्या लेखाला चित्र हवे असले, की आज अनेक जण चित्रकाराला फोन न करता संगणकाला चार ओळी लिहून देतात आणि मिनिटाभरात चित्र मिळवतात. ही निवड कालपरवाची वाटते, पण तिचा माग काढत आपण मागे गेलो, तर जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला पोहोचतो. २९ डिसेंबर १४९१ रोजी तिथल्या दोन धनिकांनी मिखाएल वोल्गेमुट आणि विल्हेल्म प्लेडेनवुर्फ या चित्रकारांशी जगाच्या इतिहासावरील ग्रंथासाठी करार केला. अँटोन कोबर्गरने तो ग्रंथ १४९३ साली छापला. त्यात १८०९ चित्रे आहेत. लाकडी ठसे मात्र केवळ ६४५. एकाच ठशातली तटबंदी, बुरूज आणि मनोरे कुठे माइन्झ म्हणून, कुठे बोलोन्या म्हणून, तर कुठे ल्यों म्हणून छापले आहेत. म्हणजे खास सांगून काढून घेतलेल्या चित्रांतूनच तयार चित्राचा जन्म झाला. तरीही तो ठसा त्याच ग्रंथासाठी कोरला होता, आणि चित्रकारांशी करार झालेला होता.

खास काढून घेतलेल्या चित्राची परंपरा आपल्याकडेही वाढली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि पुढे सजावट हा दिवाळी अंकाचा प्राणच झाला. मडगावचे दीनानाथ दलाल तर १९४५पासून स्वतःच ‘दीपावली’ काढू लागले. संपादक आणि चित्रकार एकच! चित्रकार हा मजकुराचा पहिला वाचक असतो, हे मला या परंपरेत सर्वांत मोलाचे वाटते. कथेतली कोणती घटका चित्रात घ्यायची हे तो ठरवतो. कधी लेखकालाही न दिसलेले त्याला दिसते.

त्याच काळात तयार चित्रांची दुसरी वाटही रुंदावत होती. नाझी जर्मनीतून निसटलेल्या ओटो बेटमनने १९३६ साली न्यू यॉर्कमध्ये छायाचित्रांचा संग्रह उभारला. प्रकाशकांना तिथे हवे ते चित्र भाड्याने मिळू लागले. पुढे संगणकाबरोबर क्लिप आर्ट, म्हणजे मजकुरात थेट डकवायची तयार चित्रे, आली. २००० साली कॅनडात ब्रूस लिव्हिंगस्टोनने तयार छायाचित्रांचे आयस्टॉकफोटो हे संकेतस्थळ सुरू केले, तेही आधी फुकट आणि मग नाममात्र दरात. किंमत उतरत गेली, पण प्रत्येक चित्रामागे नाव घेता येईल असा माणूस होता.

२०२२ने तो दुवा तोडला. मार्च महिन्यात लायन-५बी हा ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्यांचा, इंटरनेटवरून वेचलेला संच खुला झाला. अशाच संचांतून शिकलेले, शब्दांवरून चित्र काढणारे स्टेबल डिफ्युजन ऑगस्टमध्ये लोकांच्या हाती आले. चित्रकारांना कोणी विचारले नव्हते. तयार छायाचित्रे पुरवणाऱ्या गेटी इमेजेसने २०२३च्या जानेवारीत लंडनमध्ये या यंत्राच्या निर्मात्यांविरुद्ध दाव्याची घोषणा केली, तेव्हा त्याच्या काही चित्रांत गेटीचीच पुसट, वेडीवाकडी खूणमुद्रा उमटत होती. पदरमोड करून लिहिणाऱ्याने खर्च वाचवला, तर मी त्याला दोष देणार नाही. पण वोल्गेमुटशी निदान करार तरी झाला होता. या ५८५ कोटी जोड्यांतल्या चित्रकारांचा हिशेब कोणी मांडलेलाच नाही, आणि तो मांडून घेण्याची मागणी आपण, चित्रे वापरणाऱ्यांनीच, करायला हवी.