मोबाइल ॲपचे दार नवशिक्यांना कसे उघडले

नोकियाच्या ६११० या फोनवर १९९७ मध्ये आलेला ‘स्नेक’ हा खेळ कंपनीतलेच अभियंते तानेली अर्मांतो यांनी लिहिला होता. त्या काळी फोनसाठी प्रोग्रॅम लिहायचे ते बहुधा फोन बनवणाऱ्यांनीच. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये छोट्या उपकरणांसाठी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची हलकी आवृत्ती जाहीर केली, तेव्हा बाहेरच्यांचा शिरकाव सोपा झाला. पण प्रत्येक फोनचा स्क्रीन वेगळ्या मापाचा, बटणे वेगळी; त्यामुळे एकच खेळ मॉडेलागणिक नव्याने जुळवावा लागे. तो गिऱ्हाइकापर्यंत पोचायचा तोही बहुतेक मोबाइल सेवा कंपनीच्या मर्जीने. एकट्याने शिकू पाहणाऱ्याला हे झेपणारे नव्हते.

जून २००७ मध्ये आयफोन विक्रीला आला, तेव्हाही ॲपलने बाहेरच्यांना फक्त ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ॲपचीच मुभा दिली होती. डेव्हलपरांचा रेटा वाढत गेला. मार्च २००८ मध्ये एसडीके, म्हणजे ॲप बनवण्याचा साधनसंच, खुला झाला आणि १० जुलैला सुमारे ५०० ॲप घेऊन ॲप स्टोअर सुरू झाले. वर्षाची फी ९९ डॉलर, विक्रीतला ७० टक्के वाटा ॲप लिहिणाऱ्याचा. मात्र या एसडीकेला गोपनीयतेची अट जोडलेली होती. तिच्यामुळे पुस्तके निघेनात, अडलेल्याला उघडपणे कुणाला विचारताही येईना. ऑक्टोबर २००८ मध्ये ॲपलने बाजारात आलेल्या ॲपपुरती ती अट उठवली आणि पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठाने आयफोन प्रोग्रॅमिंगची व्याख्याने सर्वांना फुकट दिली. नवशिक्यांच्या दृष्टीने अट उठण्याची ही घटना ॲप स्टोअरइतकीच मोलाची आहे, कारण कोड लिहायला माणूस दुसऱ्याचा कोड वाचूनच शिकतो.

गुगलने अँड्रॉइडचा एसडीके नोव्हेंबर २००७ मध्येच दिला होता. आयफोनच्या एसडीकेसारखा त्याला ॲपलचा मॅक संगणक लागत नव्हता, विंडोज किंवा लिनक्सवर काम भागे. भाषा जावा, आणि ती भारतातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आधीपासून शिकवली जात होती. नोंदणी एकदाच, २५ डॉलरची. खरा त्रास होता तो एम्युलेटरच्या, म्हणजे संगणकावर फोनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, संथपणाचा.

२०१० मध्ये गुगलने ‘ॲप इन्व्हेंटर’ आणले. त्यामागे एमआयटीचे प्राध्यापक हॅल ॲबलसन होते. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून शाळकरी मुलेही ॲप बनवू लागली. गुगलने २०११ अखेर ते बंद केले, पण एमआयटीने उचलून धरले म्हणून ते टिकले.

ॲपलची स्विफ्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा २०१४ मध्ये आली. त्याच वर्षी डिसेंबरात अँड्रॉइडची ॲप लिहिण्याच्या ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ या साधनाची पहिली पक्की आवृत्तीही निघाली. २०१७ मध्ये गुगलने अँड्रॉइडसाठी कोटलिन या भाषेला मान्यता दिली. २०१८ अखेर गुगलच्याच फ्लटर या साधनसंचाची १.० आवृत्ती आली आणि एकाच कोडमधून दोन्ही प्रकारच्या फोनांची ॲप बनवणे आणखी सोपे झाले. ही साधने फुकट मिळतात. आयफोनच्या ॲपसाठी लागणारे एक्सकोड मात्र आजही फक्त मॅकवर चालते आणि ॲपलची ९९ डॉलरची वार्षिक फीही कायम आहे.