मूल घर बदलते, तेव्हा पोटगी कोणामागे जाते?

१/ आईवडील विभक्त झाले. मुलीचा ताबा आईकडे राहिला आणि वडिलांनी दरमहा पोटगी द्यावी, असा आदेश झाला. पुढे पंधराव्या वर्षी मुलगी वडिलांकडे राहायला गेली. आता पोटगी कोणी कोणाला द्यायची? प्रश्न आजचा वाटतो. पण त्याच्या उत्तरामागे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

२/ आरंभ इंग्लंडमध्ये, कारण आपल्या न्यायालयांनी या बाबतीतले पुष्कळसे कायदे तिथूनच घेतले. तिथे मुलांवर हक्क पित्याचा असे. १८३६ मध्ये कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेचे तीन मुलगे पतीने स्वतःकडे ठेवले. तिच्या झगड्यातून १८३९ चा कायदा आला आणि सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याची मुभा मातेला मिळाली. १८७३ मध्ये ही मर्यादा सोळा वर्षांवर गेली.

३/ मुभा मिळाली, तरी पित्याचे पारडे जडच राहिले. ॲनी बेझंट १८७३ मध्ये पतीपासून विभक्त झाल्या, तेव्हा मुलगा डिग्बी पित्याकडे व मुलगी मेबल आईकडे, अशी वाटणी झाली. १८७८ मध्ये मात्र आईची नास्तिक मते आणि संततिनियमनावरील पुस्तिकेचे प्रकाशन पुढे करून न्यायालयाने मेबलला पित्याच्या स्वाधीन केले. मोठी झाल्यावर दोन्ही मुले स्वेच्छेने आईकडे परतली.

४/ हिंदुस्थानात ख्रिस्ती विवाहांसाठी १८६९ चा घटस्फोट कायदा झाला. त्यात मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांचा विचार एकाच कलमात होता. परंतु ‘अज्ञान मूल’ कोण, हे वंशावर ठरे. एतद्देशीय पित्याचा मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी तेरापर्यंतच अज्ञान. इतरांची अविवाहित मुले मात्र अठरापर्यंत! चौदा वर्षांच्या देशी मुलीला या व्याख्येत जागाच नव्हती.

५/ १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने एक खिडकी उघडली. समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मूल मोठे असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकेल, असे कलम १७ म्हणते. शब्द ‘घेऊ शकेल’ असा आहे, ‘घेईलच’ असा नाही. तरीही किशोरवयीन मुलाच्या आवाजाला कायद्यात स्थान मिळाले.

६/ या आवाजाचे मोल १९१४ मध्ये दिसले, आणि योगायोगाने त्या खटल्यातही ॲनी बेझंटच होत्या. जे. कृष्णमूर्ती व त्यांचे बंधू नित्यानंद यांचे पालकत्व वडील नारायणय्या यांनी बेझंटबाईंना दिले होते. पुढे ते परत मागितले. मद्रासच्या न्यायालयात वडील जिंकले. प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मुलांबाबत मद्रासला अधिकार नव्हता, हे एक कारण. मुलांची इच्छा कोणी विचारलीच नव्हती, हेही तिने नोंदवले.

७/ पैशाचा प्रश्न मात्र वेगळ्याच वाटेने चालला होता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४८८ नुसार पत्नीला वा मुलाला न पोसणाऱ्या ऐपतदार माणसाला दंडाधिकारी पोटगी द्यायला लावी. हे कलम सर्व धर्मीयांना लागू होते. हेतू निराधारांना भटकंतीपासून रोखण्याचा; म्हणून रक्कमही तुटपुंजी, महिन्याला फार तर पन्नास रुपये. ही मर्यादा पुढे शंभर व १९५५ मध्ये पाचशे झाली.

८/ म्हणजे मूल कोणाकडे राहील हे ठरवणार दिवाणी न्यायालय, आणि त्याच्या जेवणाचे पैसे ठरवणार दंडाधिकारी. मुलाची पसंती एका दालनात ऐकली जाई, हिशेब दुसऱ्या दालनात होई. परिस्थिती बदलल्यास रक्कम बदलण्याची सोय लगतच्या कलम ४८९ मध्ये होती. पण त्यासाठी अर्ज करून तो बदल सिद्ध करावा लागे.

९/ हिंदू समाजात अनेक जातींमध्ये काडीमोडीची रूढी होती. कायद्याने घटस्फोट बडोदा संस्थानात १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो देशभर नेला. त्याचे कलम २६ महत्त्वाचे. ताबा, निर्वाह आणि शिक्षण, तिन्ही एकत्र; शक्य तेथे मुलांच्या इच्छेशी सुसंगत; आणि आदेश वेळोवेळी बदलता येण्याजोगा.

१०/ १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याने अपत्याला पोसण्याची जबाबदारी पित्यावर आणि मातेवरही टाकली. १९७३ च्या संहितेत जुने कलम ४८८ हे कलम १२५ झाले. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने ताबा व पोटगी ही दोन्ही दालने एका छपराखाली आणण्याची वाट केली. पाचशे रुपयांची मर्यादा मात्र २००१ मध्ये उठली.

११/ आता पहिल्या प्रश्नाकडे. मुलगी घर बदलते, त्या दिवशी आदेश आपोआप बदलत नाही. तो न्यायालयाकडून बदलून घ्यावा लागतो. मधल्या काळात जिच्याकडे मुलगी नाही तिला पैसे जात राहतात, किंवा वडील ते परस्पर बंद करतात आणि थकबाकी चढते. बदललेल्या आदेशात कमावत्या आईवरही भार येऊ शकतो.

१२/ नॉर्टनबाईंच्या काळात मूल पित्याच्या हक्काची वस्तू होते. नंतर ते आईवडिलांमधील वाटणीचा विषय झाले. पोटगी हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे, ती सांभाळणाऱ्याला मिळणारे बक्षीस नव्हे, इथवर कायदा सावकाश पोहोचला. म्हणूनच ती ना आईमागे जाते, ना वडिलांमागे. ती मुलामागे जायला हवी. आणि तिला तिथवर नेण्यासाठी आजही कोणीतरी न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागतो.