हृदयाचा वळणरस्ता

आपल्याकडे ‘बायपास’ हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो. एक एस. टी. च्या गाडीत आणि दुसरा इस्पितळाच्या पायरीवर. गाडीत तो ऐकला की उतारू लगेच विचारतो, ‘म्हणजे गाडी गावात जाणार नाही?’ इस्पितळात ऐकला की माणसे काहीच विचारीत नाहीत. मान हलवतात आणि पैशाच्या जुळवाजुळवीला लागतात. वस्तुतः विचारण्याजोगे दुसऱ्या ठिकाणी कितीतरी अधिक असते.

आमच्या शाळेतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ शिक्षक या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात दाखल झाले, तेव्हा आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या खाटेपाशी बसलो होतो. परिचारिकेने सूचनांचा एक कागद आणून दिला. छातीवरचे आणि पायावरचे केस काढणे, औषधी साबणाने दोन वेळा अंघोळ, मध्यरात्रीनंतर पोटात काही नको, अंगावर दागिना नको, रक्तदाते हजर हवेत, असे बरेच काही त्यात होते. गुरुजींनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस. सवय थोडीच सुटते! त्यांनी मला विचारले, ‘दुखणे छातीत, मग पायाचे केस कशाला? हे कोणी ठरवले? कधी ठरवले?’ मला उत्तर देता येईना. पायाचे उत्तर चार-आठ दिवसांत तिथल्याच एका तरुण डॉक्टराने दिले. बाकीचे मी मागाहून, मिळेल ते वाचून गोळा केले.

हृदय म्हणजे रक्ताने सदैव भरलेले पात्र. पण त्या भरलेल्या रक्तातून त्याच्या स्वतःच्या स्नायूला जवळजवळ काहीच मिळत नाही. पखालीने गावाला पाणी पुरवणारा भिस्ती स्वतः तहानलेला असावा, तशातली ही गत. त्याची तहान भागवणाऱ्या रोहिण्या निराळ्या. त्या हृदयाच्या बाहेरून, मुकुटासारख्या वेढा घालून बसलेल्या असतात, आणि त्यांची रुंदी ज्वारीच्या दाण्याएवढी. त्यांच्या भिंतीत मेद साचत जातो, वाट अरुंद होते, आणि एक दिवस जिना चढताना माणूस छातीवर हात ठेवून मध्येच थांबतो.

ही वाट मोकळी करावी कशी? एकोणिसाव्या शतकातल्या थोर शस्त्रवैद्यांनाही हृदयाला हात लावणे म्हणजे मर्यादा ओलांडणे वाटे. १८९६ साली फ्रांकफुर्टच्या लुडविग रेन याने सुरा लागलेल्या एका तरुणाच्या हृदयाला टाके घातले आणि तो तरुण जगला, तेव्हा कुठे ही भीती थोडी ढळली. पण हृदयाला टाका घालणे वेगळे आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या नळीला घालणे वेगळे. ती कला फ्रान्समधल्या आलेक्सी कारेलने साधली. १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना लिऑन शहरात मारेकऱ्याने भोसकले. मोठी रक्तवाहिनी तुटली होती आणि ती शिवण्याची विद्या कोणापाशीच नव्हती. त्याच शहरात शिकणाऱ्या कारेलच्या मनाला ते लागून राहिले. मग तो कोणाकडे शिकायला गेला म्हणता? भरतकाम करणाऱ्या एका बाईकडे! बारीक सुई, तलम धागा आणि हलका हात हे सारे त्याने तिच्यापाशी बसून शिकून घेतले. १९१० साली त्याने कुत्र्याच्या हृदयावर वळणरस्त्याचा प्रयोगही करून पाहिला. त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९१२ साली. भरतकामवाल्या बाईला काय मिळाले, ते कोठे लिहिलेले मला आढळले नाही.

शिवणार तरी कसे? हृदय तर क्षणभर थांबत नाही. १९३१ च्या सुमारास बोस्टनमध्ये जॉन गिबन नावाचा तरुण डॉक्टर एका बाईच्या उशाशी रात्रभर बसला होता. तिच्या फुप्फुसाच्या वाहिनीत गुठळी अडकली होती, आणि तिची नाडी मोजण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हते. बाई गेली. पण त्या रात्री गिबनच्या मनात आले, की तिचे काळे पडत चाललेले रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत देता आले असते तर? पुढली बावीस वर्षे तो आणि त्याची पत्नी मेरी या एकाच वेडाने झपाटलेली होती. प्रयोगाला मांजरे लागत, म्हणून रस्त्यावरची भटकी मांजरे मासळीच्या तुकड्याची लालूच दाखवून धरून आणण्यापर्यंत त्यांची मजल गेली. अखेर ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाच्या पडद्यातले भोक त्याने बुजवले. सव्वीस मिनिटे तिच्या हृदयाचे आणि फुप्फुसाचे काम यंत्राने केले. मुलगी बरी झाली. त्यानंतरचे रुग्ण मात्र दगावले, आणि गिबनने स्वतःच ते काम थांबवले. १९५५ साली मेयो क्लिनिकच्या जॉन कर्कलिनने ते यंत्र सुधारून पुढे चालवले.

यंत्र आले, पण अडथळा नेमका कोठे आहे, हे कसे कळावे? ही गोष्ट चुकीतून साधली. क्लीव्हलंडच्या इस्पितळात मेसन सोन्स नावाचा डॉक्टर ३० ऑक्टोबर १९५८ रोजी एका रुग्णाची क्ष-किरण तपासणी करीत होता. महारोहिणीत सोडायचा रंग, नळीचे टोक घसरल्याने, थेट हृदयाच्या छोट्या रोहिणीत शिरला. असे झाले तर माणूस मरतो, अशी त्या काळी डॉक्टरांची ठाम समजूत होती. रुग्णाचे हृदय थांबले. सोन्स ओरडला, ‘खोका!’ रुग्ण खोकला, आणि हृदय पुन्हा चालू झाले. दुसरा एखादा घाबरून ती चित्रफीत कपाटात टाकता. सोन्सला उमगले की आज पहिल्यांदाच जिवंत माणसाच्या हृदयाची रोहिणी स्वच्छ दिसली आहे. आज आपण ज्याला ‘अँजिओग्राफी’ म्हणतो ती हीच.

हा सोन्स विलक्षण माणूस. तपासणी चालू असतानाही त्याला सिगारेट लागे. हात निर्जंतुक राहावेत म्हणून तो ती चिमट्यात धरून ओढी. १९८५ साली तो फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला. शस्त्रक्रियेपूर्वी तंबाखू सोडा असे डॉक्टर सांगतात, तेव्हा मला तो चिमटा आठवतो.

यानंतर खरे तर फावालोरोचेच नाव घ्यायचे. पण त्याच्या आधीच्या दोघांना डावलणे इतिहासाला शोभणार नाही. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गोट्झने २ मे १९६० रोजी छातीतली एक रोहिणी वळवून धातूच्या कडीने हृदयाच्या रोहिणीला जोडली. रुग्ण टॅक्सी चालवणारा होता. तो सुमारे वर्षभर जगला. सहकाऱ्यांचा विरोध इतका, की गोट्झने पुन्हा ते केले नाही. लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्हने २५ फेब्रुवारी १९६४ रोजी तोच सांधा टाक्यांनी शिवला, आणि तोही यंत्रावाचून, चालत्या हृदयावर. त्याच्याही देशात हृद्रोगतज्ज्ञांनी या मार्गाला भवितव्य नाही असेच ठरवले. दोघेही बरोबर होते. दोघेही एकटे पडले.

रेने फावालोरो हा अर्जेंटिनातल्या ला प्लाता गावच्या सुताराचा मुलगा. आई शिवणकाम करी. जन्म १९२३ चा. डॉक्टर झाल्यावर शहरातल्या इस्पितळात जागा मिळत होती. पण त्यासाठी सत्ताधारी पक्षाशी निष्ठा असल्याचे लिहून द्यायचे होते. ते त्याने दिले नाही. १९५० साली हासिंतो आराउस या माळरानावरल्या खेड्यातला डॉक्टर आजारी पडला, म्हणून हा काही दिवसांसाठी त्याच्या जागी गेला. ते काही दिवस बारा वर्षे लांबले! भाऊही डॉक्टर होऊन येऊन मिळाला. दोघांनी तिथे शस्त्रक्रियेची खोली उभारली, परिचारिका शिकवून तयार केल्या, बाळंतिणींना आणि शिक्षकांना आरोग्याचे धडे दिले. रक्त साठवायला सोय नव्हती. तेव्हा गावात कोणाचे रक्त कोणत्या गटाचे याची यादी करून ठेवली. वेळ आली की निरोप जाई आणि माणूस शेतातून उठून येई. गुरुजींच्या कागदावरची ‘रक्तदाते हजर हवेत’ ही ओळ वाचताना मला तो निरोप्या दिसू लागला.

१९६२ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, हा खेड्यातला डॉक्टर उठून क्लीव्हलंडला गेला आणि उमेदवारासारखा पहिल्या पायरीपासून कामाला लागला. दिवसा डोनाल्ड एफलरच्या हाताखाली शस्त्रक्रियेचे काम. संध्याकाळी सोन्सच्या चित्रफितींचा ढिगारा घेऊन बसायचे. शेकडो माणसांच्या रोहिण्या त्याने अशा बसून पाहिल्या. इतक्या पाहिल्यावर त्याच्या लक्षात आले की अडथळा बहुधा रोहिणीच्या आरंभी असतो, पुढची नळी पुष्कळदा निरोगी असते. मग अडथळ्याशी भांडायचे कशाला? १९६७ च्या मे महिन्यात एका बाईच्या उजव्या रोहिणीचा बंद पडलेला भाग काढून त्याने तिथे पायातल्या नीलेचा तुकडा बसवला. त्याच वर्षी पुढे जाऊन नीलेचे एक टोक महारोहिणीला आणि दुसरे अडथळ्यापलीकडे जोडले. तीन वर्षांपूर्वी ह्यूस्टनमध्येही असा एक प्रयोग झाला होता. पण त्याची वार्ता १९७३ पर्यंत छापून आली नाही. फावालोरोने एक करून सोडले नाही. शेकडो केले, मोजले, लिहिले आणि दुसऱ्यांना शिकवले. माझ्या मते त्याचे मोठेपण पहिलेपणात नसून यात आहे.

पायाच्या केसांचे उत्तर ते हे. पायातली ती लांब नीला काढून घेतली तरी पायाचे फारसे अडत नाही. खोलवरच्या नीला तिचे काम उचलतात. एक गंमत मात्र आहे. नीलेत झडपा असतात आणि त्या रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात. म्हणून तो तुकडा उलटा फिरवून जोडावा लागतो. अशा नीलांपैकी जवळजवळ निम्म्या दहा वर्षांत बंद पडतात. छातीच्या आतली रोहिणी, जी गोट्झ आणि कोलेसोव्ह यांनी वापरली होती, तीच अधिक टिकते. आज शक्यतो हृदयाच्या मुख्य रोहिणीला तीच जोडतात. एकटे पडलेल्या त्या दोघांना काळाने असा न्याय दिला.

कागदावरच्या इतर ओळींनाही अशीच कारणे आहेत. केस वस्तऱ्याने काढीत नाहीत, यंत्राने कापतात. कारण वस्तऱ्याच्या बारीक जखमांत जंतू घर करतात. उपास अशासाठी, की भुलीत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ नये. नखांना रंग नको, कारण बोटाला लावलेल्या चिमट्याचा प्रकाश नखातून जाऊन रक्तातला प्राणवायू मोजतो. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या चार-पाच दिवस आधी बंद करतात, काही चालूच ठेवतात; ते डॉक्टरानेच ठरवायचे, शेजाऱ्याने नव्हे. आणि तीन चेंडूंचे ते प्लॅस्टिकचे खेळणे! श्वास ओढून चेंडू वर उचलायचे. गुरुजींनी ते आधी पोरखेळ म्हणून बाजूला ठेवले होते. यंत्राने विसावलेली फुप्फुसे पुन्हा फुलावीत, म्हणून तो सराव आधीपासून लागतो.

कागदावर नसलेली एक गोष्ट त्या तरुण डॉक्टराने स्वतः येऊन सांगितली होती. उद्या जाग येईल तेव्हा घशात नळी असेल, बोलता येणार नाही, हात बांधलेले असतील. घाबरू नका, ते सारे ठरल्याप्रमाणेच असेल. गुरुजी नंतर म्हणाले, की साऱ्या तयारीत हीच त्यांना सर्वांत उपयोगी पडली.

आपल्या देशात ही शस्त्रक्रिया प्रथम १९७५ साली मद्रासमधल्या पेरांबूरच्या रेल्वे इस्पितळात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. मुंबईत ती घरोघरी ठाऊक करून देणाऱ्यांत पुण्याचे डॉ. नितू मांडके यांचे नाव मराठी माणूस विसरणार नाही. हजारो हृदये हाताळलेले मांडके मे २००३ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले.

फावालोरो १९७१ साली मायदेशी परतला. तिथे त्याने संस्था उभारली, गरिबांवर उपचार केले, डॉक्टर तयार केले. देणेकऱ्यांचे पैसे थकले, संस्था कर्जात बुडाली, मदतीची पत्रे निरुत्तर राहिली. २९ जुलै २००० रोजी त्याने स्वतःवर गोळी झाडली. ती हृदयावर.

ही शेवटची हकिकत मी गुरुजींना बरेच दिवस सांगितली नाही. घरी आल्यावर पहिल्या भेटीत फक्त नीलेचे सांगितले. ते उशी छातीशी धरून बसले होते. खोकताना दुभंगलेले हाड हलू नये म्हणून तसे शिकवलेले असते. पायावरच्या लांब व्रणाकडे त्यांनी चष्म्यातून पाहिले.

‘म्हणजे उलटी लावली म्हणता?’

‘हो. सरळ लावली असती तर झडपा आड आल्या असत्या.’

त्यांना हसू आले, आणि हसताना दुखते म्हणून त्यांनी उशी आणखी घट्ट धरली.