विषाणुजन्य आजारोत्तर कवटीचा अस्थिसंसर्ग : एक ऐतिहासिक आढावा

साथींचा इतिहास प्रामुख्याने मृतांच्या आकड्यांवरून लिहिला जातो. आजारातून उठलेल्या, परंतु त्यानंतर कवटीच्या हाडाला संसर्ग झालेल्या रुग्णांना या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. प्रस्तुत लेखात अशा उत्तर-पीडेचा मागोवा घेतला आहे.

विषाणू स्वतः हाड क्वचितच पोखरतो. गोवर किंवा इन्फ्लुएन्झामध्ये नाक, घसा व कान यांचे अंतस्त्वचेचे आवरण सुजते, निचऱ्याचे मार्ग बंद होतात आणि साचलेल्या स्रावात जिवाणू वाढतात. पू कानामागील मॅस्टॉइड या सच्छिद्र हाडात अथवा कपाळाच्या हाडात शिरतो; तेथून मेंदूचे आवरण दूर नसते.

1760 साली लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी कपाळावरील मऊ, फुगीर सुजेचे वर्णन केले. त्यांनी तिचा संबंध डोक्याला लागलेल्या माराशी जोडला होता. सायनसचा संसर्ग हे तिचे अधिक नेहमीचे कारण असल्याचे पुढे स्पष्ट झाले. नाव मात्र पॉट यांचेच राहिले.

मॅस्टॉइडच्या शस्त्रक्रियेची वाटचाल अधिक बोधक आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये झां-लुई पेती यांनी हे हाड उघडून पू काढला होता. परंतु 1791 साली डेन्मार्कच्या राजवैद्य बर्गर यांच्यावर पुवासाठी नव्हे, तर बहिरेपणासाठी ही शस्त्रक्रिया झाली आणि ते दगावले. चुकीच्या कारणासाठी वापरलेल्या उपायाची बदनामी झाली व तो अनेक दशके मागे पडला. 1873 मध्ये जर्मनीतील हाले येथील श्वार्ट्झ व आयझेल यांनी त्याला शास्त्रशुद्ध रूप दिले. मधल्या काळात किती मुले उपायाअभावी गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

1930 च्या दशकातील सल्फा औषधे व त्यानंतरचे पेनिसिलिन यांनी हे चित्र पालटले. श्रेय बहुधा प्रतिजैविकांनाच दिले जाते. तथापि 1963 मध्ये आलेल्या गोवर-लशीने संसर्गाचे मूळ दारच अरुंद केले, हे दुर्लक्षून चालणार नाही. भारतात 1985 च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात या लशीचा समावेश होता.

2021 च्या कोविड लाटेत ही पीडा वेगळ्या रूपाने परतली. मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर यांच्या जोडीने म्युकरमायकोसिस फोफावला. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते; रक्तपुरवठा तुटलेले हाड मृत होते. वरचा जबडा, डोळ्याची खोबण आणि काही रुग्णांत कवटीचा तळही बाधित झाला. महाराष्ट्र हे सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांपैकी एक होते. मे 2021 मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा आजार 1897 च्या साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास सांगितले. मुंबईच्या प्लेगसाठी घाईने झालेला हा कायदा सव्वाशे वर्षांनी एका साथीच्या उत्तर-पीडेची नोंद ठेवण्यास उपयोगी पडला, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने टिपण्यासारखी आहे.

मृत हाड काढून टाकणे हा उपचाराचा अपरिहार्य भाग होता. जबडा गेलेल्या रुग्णाचे अन्नपाणी नाकात येते, उच्चार अस्पष्ट होतात. टाळूतील पोकळी झाकणारी कृत्रिम पट्टी बसवल्यावरच त्याला नीट जेवता-बोलता येते. कोविडच्या दैनंदिन तक्त्यात मात्र असा रुग्ण जबडा गमावण्यापूर्वीच ‘बरे झालेले’ या रकान्यात गेलेला असे.